स्टीलवर नाव उठत नाही? आधी पाणी ओतून बघा

फेरिक क्लोराइड सर्किट बोर्डाचं तांबं सहज खातं, मग स्टेनलेस स्टीलच्या पाटीवर का अडतं? या स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर आड येतो.

मी कोडसारखंच डीबग करतो, एका वेळी एकच बदल. पाटीवर पाणी ओता. थेंब-थेंब झालं? तेलकटपणा आहे, पुन्हा घासा. द्रावण थंड आहे? प्लास्टिकचा डबा गरम पाण्यात ठेवा, ४०-५० अंश पुरे. पाटी उपडी तरंगती ठेवा, गाळ खाली पडेल. कडा फाटल्या? स्टिकर नीट बसलेला नाही. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा हवीच.

आणि उरलेलं द्रावण ओढ्यात नको! त्यात निकेल-क्रोमियम उतरलेलं असतं. भोरची नीरा, वेल्ह्याची गुंजवणी आपणच पितो. कॅनमध्ये बंद ठेवा, घातक कचऱ्यातच द्या.