काचेवरची शाई आणि यंत्राचे वाचन

श्रोतेहो, आपल्या उरण तालुक्यात जमिनीच्या एका आकड्याचे मोल काय, हे मी सांगायला नको. १९८४ साली जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी इथले शेतकरी उठले आणि पाच जणांनी प्राण दिले. अशा मुलखात टिपणातल्या सर्व्हे नंबरामधील १ चा ९ झाला, तर केवढा घोटाळा! आणि हल्ली टिपणवही काचेची झाली आहे. टॅबलेटवर लेखणीने लिहावे, आणि यंत्राने ते वाचून छापील अक्षरांत उतरवावे. हे वाचन होते तरी कसे, ते पाहू.

लेखणी फिरत असताना यंत्र तिचे टोक कोणत्या क्षणी कुठे होते, हे सारखे टिपून ठेवते. अशा बिंदूंची माळ म्हणजे डिजिटल शाई. कागदावरचे अक्षर पाहून कोणती रेघ आधी ओढली, ते कळत नाही. इथे ते कळते. पाटीवर अक्षर काढणाऱ्या मुलाचा हात गुरुजी पाहतात ना, तसेच हे.

पुढे यंत्र त्या हालचाली हजारो लोकांच्या हस्ताक्षरांशी ताडून पाहते. मराठीत अडचण अशी, की मात्रा मागाहून येते आणि पुष्कळजण शिरोरेघ शब्द संपल्यावर ओढतात. ती कुठल्या अक्षराची, हे यंत्राला जुळवावे लागते. २०१५ साली गूगलने फोनवर हाताने लिहिण्याची सोय ८२ भाषांसाठी काढली. त्यांत मराठीही होती.

आता 'घर' की 'धर'? अक्षरावरून उलगडा झाला नाही, तर यंत्र शेजारचे शब्द पाहते. 'कौलारू' हा शब्द आधी असला, की 'घर' ठरते. पण आकड्यांना असा शेजार नसतो. १४१ जितका खरा, तितकाच ९४१ही खरा! आडनावे आणि चिरनेर, जासई यांसारखी गावांची नावेही यंत्राच्या शब्दसंग्रहात असतीलच, असे नाही.

मग करायचे काय? प्रथम, भाषा मराठी निवडावी. दुसरे, यंत्राने छापील अक्षरे दिली, म्हणून मूळ शाई पुसू नये. कित्येक टिपणवह्यांत शाई जशीच्या तशी राहते आणि यंत्राचे वाचन केवळ शोधण्यासाठी तिच्यामागे ठेवलेले असते. ही सोय उत्तम. तिसरे, महत्त्वाचा आकडा अंकी लिहून पुढे अक्षरीही लिहावा. दस्त लिहिणाऱ्यांची ही जुनी चाल इथेही कामाला येते. 'एकशे एक्केचाळीस' वाचताना यंत्राला शब्दांचा आधार मिळतो.

आणि शिक्षकबंधुभगिनींनो, मुलांना वळणदार अक्षराचा कंटाळा येऊ देऊ नका. १ आणि ९ यांतला फरक स्पष्ट काढायचा, तो हातानेच.