अश्राफ आणि अश्राप

‘अश्राप लेकरू’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मुक्या जनावरालाही आपण अश्राप म्हणतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात जी माणसे झोपेतच गेली, त्यांच्याविषयी बोलतानाही हाच शब्द तोंडी येतो. पण मुळात हा शब्द बड्या लोकांचा आहे.

अरबीत ‘शरफ’ म्हणजे मान, प्रतिष्ठा. ती ज्याच्याकडे तो शरीफ, आणि अनेक शरीफ म्हणजे अश्राफ. (सराफाशी याचे नाते नाही, तो वेगळ्या धातूचा शब्द.) हिंदुस्थानात सय्यद, शेख, मोगल, पठाण ही घराणी स्वतःला अश्राफ म्हणवत. आपले पूर्वज अरबस्तान, इराण, अफगाणिस्तानातून आले, असे ती सांगत. विणणारे, पिंजणारे, भाजी विकणारे ते अजलाफ. कुराण मात्र माणसाची थोरवी वंशावर नव्हे, सदाचारावर मोजते. 1949 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या गेल्या. लग्न जुळवताना ‘खानदान’ विचारणे काही गेले नाही.

मराठीने या शब्दाचे काय केले पाहा. कुलीन माणूस सभ्य असतो, सभ्य माणूस भांडत नाही, न भांडणारा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी तो निष्पाप! मला वाटते, अशाच पायऱ्या उतरत अश्राफ वाड्यातून गोठ्यापर्यंत आला. वाटेत ‘फ’चा ‘प’ झाला. ‘गरीब’ शब्दही असाच. अरबीत त्याचा अर्थ परका. आपल्याकडे मात्र गाय गरीब असते.

‘अजलाफ’ मराठीत आलाच नाही. शब्द आला नाही, उतरंड मात्र आली. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली आणि 1994 मध्ये मुसलमानांतल्या व्यावसायिक जमातींना सवलतींची वाट मोकळी झाली. पिंजारी, मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार यांच्या मुलांना दाखला मिळू लागला. पण अनेकांच्या आजोबांनी शाळेच्या रजिस्टरात नुसते ‘मुसलमान’ लिहून घेतले होते. कुणी नावाआधी ‘शेख’ लावून मोकळे झाले होते, कारण शेख म्हटले की कुणी धंदा विचारत नसे. आता नातवाला तहसिलीत आजोबांचा तोच धंदा कागदावर सिद्ध करावा लागतो.