‘इतर’ रकान्यातला परराष्ट्रमंत्री

जानेवारी २०११. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचं अध्यक्षपद महिनाभरासाठी बोस्निया-हर्झेगोव्हिनाकडे आलं होतं. याच परिषदेने ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेल्या स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून अधिक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले होते. त्या काळी परिषदेच्या दारात मदत मागणारा देश आता तिचं कामकाज चालवत होता. तेव्हा त्या देशाचे परराष्ट्रमंत्री होते स्वेन अल्कालाय. साऱ्या जगापुढे देशाची बाजू मांडणाऱ्या या माणसाला मायदेशी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता येत नव्हती. कारण एकच, ते ज्यू आहेत.

अल्कालाय यांचा जन्म १९४८ मधला, सारायेव्होचा. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हाकलून दिलं, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांनी उस्मानी साम्राज्यात आसरा घेतला. पुढच्या शतकात त्यांची वस्ती सारायेव्होत रुजली. सोबत आणलेली लादिनो ही स्पॅनिश वळणाची बोली त्यांनी चारशे वर्षं घराघरांत जपली. दुसऱ्या महायुद्धात या समाजातले बहुसंख्य लोक मारले गेले. मागे उरलेल्या मूठभर कुटुंबांच्या पिढीत अल्कालाय वाढले. शिक्षणाने ते अभियंता. नोकरी केली एनर्गोइन्व्हेस्ट या सारायेव्होतल्या बड्या उद्योगसमूहात.

युगोस्लाव्हिया फुटताना बोस्नियात पेटलेल्या युद्धाने त्यांचा मार्ग बदलला. एप्रिल १९९२ मध्ये सारायेव्होला पडलेला वेढा १४२५ दिवस टिकला. वेढा चालू असतानाच, १९९४ मध्ये, अल्कालाय अमेरिकेत बोस्नियाचे पहिले राजदूत झाले. त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता शस्त्रबंदीचा. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये साऱ्या युगोस्लाव्हियावर ती घातली होती. कागदावर ती सगळ्यांना सारखीच होती. पण सर्ब फौजांना जुन्या युगोस्लाव्ह सैन्याचे तोफा-रणगाडे आयते मिळाले होते, आणि बोस्नियाच्या सरकारचे हात मात्र बांधले गेले. १९९५ च्या उन्हाळ्यात अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी ही बंदी झुगारण्याचा ठराव मोठ्या बहुमताने केला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो नाकारला. पण अमेरिकेला आता स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. ऑगस्टअखेर नाटोचे हवाई हल्ले सुरू झाले आणि नोव्हेंबरमध्ये डेटन इथे तह ठरला.

त्या तहाने लढाई थांबवली. त्याचं चौथं परिशिष्ट हीच देशाची राज्यघटना झाली. राष्ट्राध्यक्षपद तिघांचं: एक बोस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. संसदेच्या वरच्या सभागृहातल्या १५ जागाही याच तिघांत समान वाटल्या. ज्यू, रोमा, किंवा स्वतःला फक्त ‘बोस्नियाचे नागरिक’ म्हणवणारे हे सगळे घटनेच्या भाषेत ‘इतर’ ठरले, आणि म्हणून या पदांसाठी अपात्र.

मंत्रिपदाला मात्र ही अट नव्हती. २००७ मध्ये अल्कालाय परराष्ट्रमंत्री झाले आणि २०१२ पर्यंत राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत, जून २००८ मध्ये, युरोपीय संघाशी स्थिरीकरण आणि सहयोग करार झाला. डिसेंबर २०१० मध्ये बोस्नियाच्या नागरिकांना शेंगेन देशांत व्हिसाविना जाण्याची मुभा मिळाली. सामान्य माणसाच्या हाताला परराष्ट्र धोरणाची फळं लागतात ती अशी. पुढे जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचे कार्यकारी सचिव आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये देशाचे स्थायी प्रतिनिधी म्हणूनही त्यांनी काम केलं.

अल्कालाय मंत्री असतानाच, २२ डिसेंबर २००९ रोजी, युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने घटनेतल्या या अटीविरुद्ध निकाल दिला. दाद मागणारे दोघे होते: रोमा समाजाचे देर्वो सेय्दिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिंत्सी. फिंत्सी हेही राजदूतपद भूषवलेले गृहस्थ. या नागरिकांना उमेदवारी नाकारणं म्हणजे भेदभाव, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं.

युद्ध थांबवण्यासाठी समाजांची मोजदाद करावी लागली, हे समजू शकतं. पण ती मोजदादच कायमची घटना झाली, की देशासाठी आयुष्य वेचणारा माणूसही जन्माच्या रकान्यात अडकून पडतो. त्या निकालानंतर २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ अशा चार सार्वत्रिक निवडणुका झाल्या. चारही जुन्याच नियमाने झाल्या.