पडवीतली जावा रस्त्यावर आणताना

दीर्घकाळ बंद उभ्या असलेल्या मोटारसायकलीजवळ गेलेल्या मनुष्याचा पाय बहुधा आपोआपच किकच्या दांड्याकडे वळतो, आणि त्या यंत्राचा त्याहून मोठा घात दुसरा कोणताही नसतो. माझ्या चुलत्यांची जावा सातारा जिल्ह्यातील आमच्या वाड्याच्या पडवीत, कणग्यांच्या आडोशाला, कित्येक पावसाळे उभी होती. त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली, तेव्हा सुट्या भागांच्या दुकानांनी गजबजलेल्या पुण्याच्या नाना पेठेतील एका वयोवृद्ध मिस्त्रींना मी ती दाखविली. त्यांनी टाकीचे झाकण उघडून वास घेतला, मागचे चाक हाताने किंचित पुढेमागे करून पाहिले आणि म्हणाले, “किक मारायची नाही, साहेब. आत गंज धरला असेल तर एका किकेत रिंग तुटेल, सिलिंडरला रेघ पडेल. मग बोअर मारल्याशिवाय सुटका नाही.”

चेकोस्लोव्हाकियातील आराखड्यावरून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागलेली ही अडीचशे सी.सी.ची टू-स्ट्रोक गाडी अनेक बाबतींत एकमेवाद्वितीय होती. सिलिंडर एक पण सायलेन्सर दोन, साखळी संपूर्ण झाकलेली, आणि गिअरचाच दांडा आत दाबून मागे वळविला की त्याची किक व्हावी, अशी तिची रचना. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. २०१८ मध्ये तेच नाव धारण करून जी गाडी बाजारात आली ती फोर-स्ट्रोक. तिचे भाग या गाडीच्या कामाचे नाहीत. त्यामुळे जुन्या जावाच्या मालकाला बुधवारी वा रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातील लोखंडाचे ढीग उपसण्यावाचून गत्यंतर नसते, आणि खरे सांगायचे तर त्या उपसण्यातही एक सुख आहे.

मिस्त्रींनी प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि तेल यांचे मिश्रण आत सोडले आणि गाडी तशीच ठेवून दिली. मिश्रण झिरपण्यास पुरेसा अवधी दिल्यानंतर गाडी स्टँडवर घेऊन, वरचा गिअर टाकून, मागचे चाक दोन्ही हातांनी धरून ते अगदी अल्पसे पुढे, अल्पसे मागे, असे हलवू लागले. जोर लावण्याचा मोह प्रत्येक खेपेस आवरीत. पिस्टन सुटला तो आवाज करून नव्हे, तर चाकाच्या हालचालीत केसभर सैलपणा आला म्हणून कळले. नंतर सिलिंडर उतरविला, तेव्हा आतल्या भिंतीवर रिंगांनी धरलेल्या गंजाच्या बारीक कड्या स्पष्ट उमटलेल्या होत्या. बोटाचे नख फिरविले असता ते कोठे अडत नव्हते, एवढ्यावरून बोअर वाचल्याचे अनुमान त्यांनी काढले आणि मग मापून त्याची खातरजमा केली.

परंतु पिस्टन सुटला म्हणजे इंजिन बरे झाले, असे समजणे हा भाबडेपणा होय. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालची क्रँककेस ही स्वतःच पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा पंप असते, आणि त्या पंपाची सारी अब्रू क्रँकच्या दोन टोकांवरील ऑइल सीलच्या हाती असते. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या गाडीत हे रबर वाळून कडक होते. क्लचच्या बाजूचे सील गेले तर तिकडचे तेल इंजिनात ओढले जाऊन पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि निदान मालकाला इशारा तरी मिळतो. डायनामोच्या बाजूचे सील गेले तर मात्र बाहेरची हवा निमूटपणे आत शिरते, मिश्रण विरळ होते, पिस्टन प्रमाणाबाहेर तापतो आणि भरधाव वेगात असतानाच जाम होतो. म्हणून एका बाजूने क्लच आणि दुसऱ्या बाजूने डायनामो उतरवून दोन्ही सील बदलली, आणि क्लच उतरलाच होता म्हणून वाळून एकमेकींना चिकटलेल्या त्याच्या बुचाच्या प्लेटाही नव्या घातल्या.

टाकीत जुन्या पेट्रोलचा राळेसारखा थर आणि त्याखाली गंज होता. फॉस्फरिक आम्लाने ती धुऊन, सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून, वाळविल्याबरोबर आतून तेलाचा हात फिरविला. कार्बोरेटरचे जेट तारेने न खोदता द्रावणात भिजवून मोकळे केले, कारण तारेने भोक मोठे होते. हवेच्या फिल्टरात उंदराने संसार थाटला होता, तोही हलविला. हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते जुन्या रबराला मानवत नाही, सबब पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर नव्या धर्तीचे घालणे क्रमप्राप्तच होते.

या सबंध कामात मला सर्वांत प्रेक्षणीय वाटला तो टायमिंग लावण्याचा विधी. प्रथम पॉइंट घासून त्यांतील अंतर ०.४ मि.मी. केले. मग प्लगच्या भोकातून व्हर्नियरची मागची काडी पिस्टनच्या माथ्यावर टेकवून, पिस्टन सर्वोच्च बिंदूस पोहोचण्यापूर्वी ३.५ ते ४ मि.मी. खाली असेल अशा जागी क्रँक स्थिर केला, आणि सिगारेटच्या पाकिटातील पातळ कागदाचा कपटा पॉइंटच्या चिमटीत धरून मिस्त्री प्लेट तसूतसूने फिरवू लागले. कपटा हलक्या ओढीने सुटला त्या क्षणी प्लेटचा स्क्रू आवळला. दिवा लावून हेच काम अधिक शास्त्रोक्त रीतीने करता येते, हे त्यांना ठाऊक होते. पण कागदावर त्यांची श्रद्धा होती आणि गाडीने ती सार्थ ठरविली.

लिटरमागे पन्नास मिलिलिटर तेल मिसळून पेट्रोल भरले, सहा व्होल्टची बॅटरी जोडली, आणि त्यानंतरच किकेची परवानगी मिळाली. साचलेले तेल जळेपर्यंत साऱ्या गल्लीला धुराचा प्रसाद मिळाला, याबद्दल शेजारच्या दुकानदारांनी मिस्त्रींचा यथोचित उद्धार केला.

येथे एक मतभेद नमूद केला पाहिजे. जुनी गाडी हाती आली की बहुतेक हौशी मंडळी प्रथम रंग आणि क्रोम यांच्या मागे लागतात, आणि सारा पैसा त्यांत गेल्यावर ब्रेकच्या लायनिंगला हात आखडता घेतात. माझ्या मते हा क्रम उफराटा आहे. चुलत्यांच्या हातचा मरून रंग जागोजाग उडाला असला तरी मी तो तसाच राहू दिला. उलटपक्षी शूपासून सुटू लागलेली लायनिंग, बाजूने भेगाळलेले सोळा इंची टायर, गंजलेल्या केबली आणि चाकांतील घट्ट झालेले ग्रीस यांतले काहीही राखले नाही. न थांबणारी गाडी सुंदर असून उपयोग काय?

यंत्राहून कागदपत्रांनी अधिक काळ खाल्ला. मालक मयत, त्यामुळे वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना ३१, मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमतिपत्रे. नोंदणीची मुदत कधीच सरलेली, म्हणून नूतनीकरणासाठी नमुना २५, विलंबाचा दंड, पर्यावरण कर आणि निरीक्षकासमोर प्रत्यक्ष हजेरी. चासी व इंजिन यांवरील क्रमांकांचे पेन्सिलीने घेतलेले छाप दप्तरातील नोंदीशी जुळेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली विंटेज नोंदणीची वेगळी तजवीज केली आहे, पण त्या नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांखेरीज रस्त्यावर काढता येत नाही. मला ती भाजी आणायला हवी होती. म्हणून मी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागणारी साधी नोंदणीच पत्करली.

तेव्हा ज्यांच्या वाड्यात वा गोठ्यात अशी एखादी गाडी उभी असेल, त्यांनी मिस्त्री शोधण्याआधी घरातील ट्रंका उपसून तिचे आर.सी. बुक शोधावे. पिस्टन, सील आणि टायर आजही मिळतात. हरवलेल्या बुकासाठी मात्र दप्तराचे उंबरे झिजवावे लागतात.