परदेश प्रवासातील खरेदी आणि सीमाशुल्क : प्रवासी सामानविषयक तरतुदींचे विवेचन

प्रस्तावना :

परिषदा, चर्चासत्रे, संशोधनवृत्ती किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या भेटी या निमित्ताने प्राध्यापकवर्गाचा परदेश प्रवास आता अपूर्वाईचा राहिलेला नाही. परतताना सामानात काही ना काही खरेदी असतेच. 'तिकडे कर भरला, मग इकडे पुन्हा कशासाठी?' हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांनीही विचारला आहे. सदर लेखात त्या प्रश्नाचा कायद्याच्या आधारे विचार केला आहे.

कर कोठे द्यावयाचा?

वस्तूवरील कर ती जेथे उपभोगली जाते त्या देशाने घ्यावा, हे आज बहुतेक देशांनी स्वीकारलेले तत्त्व आहे. फ्रान्समध्ये मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २० टक्के आहे. परंतु युरोपीय संघाबाहेर राहणारा प्रवासी वस्तू सोबत घेऊन संघाबाहेर पडत असेल, तर ठरावीक रकमेपुढील खरेदीवर तो कर परत मागू शकतो. मध्यस्थ संस्थांचे शुल्क वजा जाता हाती येणारी रक्कम कमी असते, हा भाग वेगळा. ब्रिटनने मात्र इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथे ही सवलत १ जानेवारी २०२१ पासून बंद केली. तिकडचा परतावा आणि इकडचे शुल्क यांचा परस्परांशी संबंध नाही. परतावा मिळाला तरी भारतात शुल्क लागू शकते आणि परतावा न घेतल्याने ते माफ होत नाही. 'ड्यूटी फ्री' दुकानांविषयीही असाच भ्रम आहे. आयर्लंडमधील शॅनन विमानतळावर १९४७ साली सुरू झालेल्या पहिल्या दुकानापासून या शब्दाचा अर्थ 'विक्री करणाऱ्या देशाच्या करातून मुक्त' एवढाच आहे.

भारतीय तरतुदी :

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ७७ नुसार सामानाची घोषणा करण्याची जबाबदारी प्रवाशाची आहे. कलम ७९ अन्वये स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या वापराच्या, तसेच भेट वा स्मरणवस्तू म्हणून आणलेल्या प्रामाणिक सामानाला मर्यादेपर्यंत सूट मिळते. ही मर्यादा २०१४ मध्ये रु. ३५,००० वरून रु. ४५,००० झाली, २०१६ च्या नियमांनी रु. ५०,००० झाली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये आलेल्या नव्या नियमांनी, विमानाने येणाऱ्या भारतीय रहिवाशासाठी, रु. ७५,००० झाली.

उदाहरणार्थ, २०२४ मध्ये एका प्राध्यापकाने रु. ८०,००० चा कॅमेरा आणला असे समजू. त्या वेळी शुल्क ३५ टक्के व त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण ३८.५ टक्के होते. मर्यादेवरील रु. ३०,००० वर त्याला रु. ११,५५० भरावे लागले असते. दर तोच धरल्यास नव्या मर्यादेनुसार ही रक्कम रु. १,९२५ होते. पत्नी सोबत असल्यास दोघांची सवलत एकत्र करून हा कॅमेरा सोडवता आला असता काय? नाही, २०१६ च्या नियमांत त्यास स्पष्ट मनाई होती. मद्य, सिगारेट व मोठ्या पडद्याचे दूरचित्रवाणी संच यांचे नियम वेगळे आहेत. त्यांची चर्चा येथे केलेली नाही.

दागिन्यांचा प्रश्न :

खरी अडचण सोन्याची आहे. एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्यांना दागिन्यांवर खास सवलत आहे. पंधरा दिवस दुबईला जाऊन येणाऱ्यांसाठी ती नाही. २०१६ च्या नियमांत स्त्रियांना ४० ग्रॅम व पुरुषांना २० ग्रॅमची मुभा होती. पण त्यासोबत अनुक्रमे रु. १ लाख व रु. ५०,००० ही मूल्यमर्यादाही होती. २०२५ मध्ये १० ग्रॅम सोन्याचा भाव लाखापलीकडे गेला, तेव्हा कागदावरचे ४० ग्रॅम प्रत्यक्षात १० ग्रॅमही उरले नाहीत. आखातात अनेक वर्षे नोकरी करून कोकणात परतणाऱ्या कुटुंबातील स्त्रीचे मंगळसूत्र आणि दोन बांगड्याही या हिशोबात बसत नव्हत्या. नियम करणाऱ्यांना भाववाढ ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. तरीही ही मूल्यमर्यादा सुमारे दहा वर्षे तशीच राहिली. २०२६ च्या नियमांत ती वगळून केवळ वजनाची अट ठेवली, हे उशिरा का होईना योग्यच झाले.

अंगावरील वापरातल्या दागिन्यांचे काय? परदेशात राहणाऱ्या एका प्रवासी महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दागिने नवे की जुने यापेक्षा ते प्रामाणिकपणे वैयक्तिक वापराचे आहेत काय, याला महत्त्व दिले. तरीही विमानतळावर वाद होतात. अशा वेळी कलम १२४ चे स्मरण असावे. जप्तीचा आदेश देण्यापूर्वी त्याची कारणे कळविणारी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी हा प्रवाशाचा हक्क आहे. 'नोटीस नको' असे छापलेल्या कागदावर घाईघाईत सही करणे म्हणजे तो हक्क आपल्या हाताने सोडून देणे होय.

येथूनच दागिने वा महागडी उपकरणे नेणाऱ्या प्रवाशाने प्रस्थानापूर्वी विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते. म्हणून ती तपासणीसाठी सोपविलेल्या बॅगेत न ठेवता हातातील सामानात ठेवावी आणि नेहमीपेक्षा तासभर आधी निघावे.