विनातारण म्हणजे बिनजबाबदारीचे नव्हे

‘विनातारण कर्ज’ म्हणजे बुडवले तरी चालणारा सरकारी पैसा, हा समज भोसरी-चाकणच्या लघुउद्योगांतही आढळतो. प्रत्यक्षात घर-जमीन गहाण मागत नाहीत, एवढेच. कर्जातून घेतलेले सीएनसी यंत्र बँकेकडे नजरगहाण (ताबा कर्जदाराचा, वसुलीचा हक्क बँकेचा) असते. केंद्र सरकार आणि सिडबी या लघुउद्योग विकास बँकेने २००० साली स्थापलेला पतहमी निधी बँकेच्या नुकसानीचा मोठा वाटा उचलतो. पण पतपेढीत जामीनदाराने सही केली म्हणून कर्जदाराचा हप्ता माफ होतो थोडाच!

स्त्रियांना विनातारण कर्जाची निकड का, हे सातबारा सांगतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत मात्र सुटलेली नाही. मग गहाण ठेवायचे काय? तारणाशिवाय कर्ज बुडेल, ही शंका रास्त आहे. तरी तारण वसुलीच्या कामाचे. धंदा चालेल का, हे खरेदी-ऑर्डर आणि जीएसटी विवरणपत्रांवरूनच कळते. सुट्या भागांच्या पुरवठादाराचा हप्ता तर कंपनीने बिल रखडवल्यानेही थकतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवावे, नाहीतर चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६चा कायदा सांगतो.