खिशातला फोन आणि डबीतली गोळी

पँटच्या खिशात मोबाइल ठेवला की शुक्राणू घटतात, ही धास्ती लग्नाच्या वयाच्या मुलांमध्ये चांगलीच मुरली आहे. तिच्या पाठोपाठ अँटिऑक्सिडंटच्या गोळ्याही आल्या. धास्ती अगदीच बिनबुडाची नाही. गोळीचा पाया मात्र त्याहून कच्चा आहे.

मोबाइलच्या लहरींमध्ये क्ष-किरणांसारखी डीएनएचे बंध तोडण्याची ताकद नसते. तरीही अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अशोक अगरवाल यांच्या गटाने एक प्रयोग केला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. वीर्याच्या प्रत्येक नमुन्याचे त्यांनी दोन भाग केले आणि एका भागापासून अडीच सेंटिमीटरवर चालू कॉलचा फोन तासभर ठेवला. त्या भागातल्या शुक्राणूंची हालचाल मंदावली आणि ऑक्सिजनचे आक्रमक रेणू वाढले. डीएनएला मात्र लक्षणीय इजा आढळली नाही. आता, नळीतला शुक्राणू फोनसमोर उघडा असतो. शरीरात मध्ये कापड, कातडी, ऊती असतात. म्हणून माणसांवरची पाहणी जास्त मोलाची.

तशी मोठी पाहणी स्वित्झर्लंडमध्ये झाली. २००५ ते २०१८ या काळात १८ ते २२ वर्षांच्या २,८८६ तरुणांची वीर्य तपासणी झाली. दिवसातून वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांमध्ये मिलिलिटरमागे ४४.५ दशलक्ष शुक्राणू होते, आठवड्यातून फार तर एकदा वापरणाऱ्यांमध्ये ५६.५ दशलक्ष. फरक आहेच. पण फोन खिशात ठेवण्याशी त्याचा संबंध दिसला नाही आणि टूजी मागे पडून नवी तंत्रे आली तसा तो दुवाही क्षीण होत गेला. शिवाय दोन्ही आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या १६ दशलक्षांच्या किमान संदर्भ पातळीपेक्षा पुष्कळ वर आहेत.

आक्रमक रेणूंपुढे शुक्राणू दुबळा पडतो, हे खरे. परिपक्व होताना तो जवळजवळ सगळा पेशीद्रव टाकून देतो आणि बचाव करणारी बरीचशी विकरे त्याबरोबरच जातात. त्याचे आवरण असंतृप्त मेदाम्लांनी भरलेले असते; तेल खवट व्हावे तसे ते ऑक्सिजनने बिघडते. भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवलेले शुक्राणू थंडावतात आणि कॅटलेज हे विकर घातले की तग धरतात, हे जॉन मॅक्लाउड यांनी १९४३ मध्येच दाखवले होते.

मग अँटिऑक्सिडंट द्यावेत, हे ओघानेच आले. पण याच रेणूंचा थोडा अंश शुक्राणूला हवा असतो; त्यांच्याशिवाय तो बीजांडात शिरण्याच्या तयारीला लागत नाही. सगळेच पुसून टाकणे हा उपचार होऊ शकत नाही. आणि चाचण्यांनी काय दाखवले? २०२० साली अमेरिकेतल्या १७१ जोडप्यांच्या चाचणीत क आणि ई जीवनसत्त्व, सेलेनियम, जस्त, कार्निटिन, लायकोपीन, फॉलिक आम्ल असे सगळे एकत्र देऊनही शुक्राणू सुधारले नाहीत. त्याच वर्षी २,३७० जोडप्यांच्या चाचणीत जस्त आणि फॉलिक आम्ल घेणाऱ्यांच्या गटात ३४ टक्क्यांना मूल झाले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या गटात ३५ टक्क्यांना. उलट पहिल्या गटात डीएनएचे तुकडे होण्याचे प्रमाण किंचित जास्त निघाले. महिनोन्महिने या डब्यांवर पैसे घालणाऱ्या जोडप्यांना हे आकडे कुणी तरी सांगायला हवेत.

उष्णतेबद्दल एवढी संदिग्धता नाही. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. मांडीवर लॅपटॉप घेऊन तासभर बसल्यास अंडकोशाचे तापमान अडीच अंशांहून जास्त चढते, असे २००५ च्या एका अभ्यासात मोजले गेले. त्यातले दोन अंश नुसते मांड्या जुळवून बसण्यानेच चढत होते. तंबाखू आणि वृषणाच्या फुगलेल्या शिरा हीही तपासून पाहण्याजोगी कारणे आहेत. त्यासाठी आधी नवऱ्याची तपासणी व्हावी लागते, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षे फक्त बायकोच्याच तपासण्या चालतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून तंबाखू सोडल्यावर किंवा शिरांची शस्त्रक्रिया झाल्यावर पुढची वीर्य तपासणी निदान तीन महिन्यांनी करावी.